डिस्क त्याच्या नावाने पाठवली

३ मार्च

ताईंना,

नमस्कार. हा नमस्कार सवयीचा आहे, त्यात फार काही शोधू नका.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं लग्नात कोणी सांगितलं असतं तर मी तिथूनच उठून गेले असते. पण तुमच्या त्या खोऱ्यात फोन लागत नाही, असलेला फोनही फाटकावर जमा करावा लागतो, आणि तुम्ही ज्या सर्व्हर रूमच्या इनचार्ज आहात तिथे इंटरनेटची वायरच येत नाही. म्हणून हा कागद, आणि दर सोमवारी जाणारा सामानाचा ट्रक.

सोबत हार्ड डिस्क आहे. तुमच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या झडपा आपोआप चालवणारा नवा प्रोग्राम तिच्यात आहे. काम आमच्या कंपनीकडे आलं आणि मी ते स्वतःहून मागून घेतलं. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी स्पष्ट लिहिते, म्हणजे मागाहून ‘मला काय माहीत’ असं व्हायला नको. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून तुमच्या सिस्टिममध्ये घुसलं, तेव्हा केंद्र जगापासून तोडलं गेलं, आणि झडपा हाताने फिरवायला चार तात्पुरती माणसं नेमली. त्यातला एक माझा नवरा. सहा महिन्यांसाठी गेला होता. भिंगरी तेव्हा पोटात होती. आता ती घरभर पळते आणि बापाच्या फोटोला ‘काका’ म्हणते.

प्रोग्राम चालू झाला की ही चार माणसं सुटतील, असं तुमच्या साहेबांनी लेखी दिलंय. इकडे माझी बदली झालीय, खूप लांबच्या ऑफिसला. दोनदा पुढे ढकलली, आता ढकलणार नाही. मे संपला की निघायचं. तोवर तो आला तर तिघं जाऊ. नाही आला तर आम्ही दोघी जाऊ, आणि मग त्याने मागून यायची तसदी घेऊ नये.

प्रत्येक पत्रात तो लिहितो, ताई रजा मंजूर करत नाही, ताई सोडत नाही. झडपवाल्यांच्या रजेवर सही तुमचीच असते, तेव्हा आणखी कोणाला विचारायला जाऊ? भाऊ डोळ्यांसमोर राहिला की तुम्हाला बरं वाटत असेल. त्याला संसार आहे.

प्रोग्राम कंटेनरमध्ये भरलाय. म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकेका बंद डब्यात. डबे डिस्कवरून सर्व्हरवर उतरवायचे आणि चालू करायचे, बाहेरून काही आणावं लागत नाही. सूचना छापून दिल्यात. चष्मा लावून वाचा.

भावजय


१२ मार्च

भावजयबाईस,

आशीर्वाद. वयाने मोठी आहे म्हणून देते, तू मागितलास म्हणून नाही.

चष्मा लावला. सूचना वाचल्या. डबे उतरवले. पाण्याची मोजमापं ज्यात साठतात तो डबा तुझ्या डिस्कवर नाही. प्रोग्राम चालू केला की तो म्हणतो, अमुक डबा सापडत नाही, बाहेरून आणतो. आणि निघतो आणायला. इथे बाहेर नाहीच, बाई. याचसाठी तर एवढा खटाटोप चाललाय. तो बिचारा बंद दारावर धडका मारत बसतो आणि शेवटी मान टाकतो. त्याच्या या धडकांची नोंद, म्हणजे लॉग, छापून जोडलाय, तूही चष्मा लाव.

आता तुझ्या दुसऱ्या विषयाकडे वळते. मी बारक्याला सोडत नाही म्हणे. त्याने रजेचा अर्ज एकदाही दिलेला नाही. देईल कसा? तूच त्याला लिहितेस ना, की घर लहान पडतं, माझे आईवडील येऊन राहिलेत, एवढ्यात येऊ नको? डोळ्यांत पाणी आणून सांगितलं त्याने मला. नवऱ्याला घराबाहेर ठेवायचं आणि खापर नणंदेच्या डोक्यावर फोडायचं, याला आमच्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

तो इथे राहावा असं मला वाटतं. लपवते कशाला? आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याचं दप्तर, त्याचे ताप, त्याच्या परीक्षा, सगळं मी काढलंय. संध्याकाळी तो समोर जेवायला बसला की मला दिवस नीट गेल्यासारखा वाटतो. त्या डिस्कने तो जाणार हे मला कळतं, आणि मला ती डिस्क आवडत नाही. पण सर्व्हरशी मी लबाडी करत नाही. चालतं त्याला बंद म्हणणार नाही आणि बंद त्याला चालतं म्हणणार नाही. खाली अख्खं शहर हे पाणी पितं. डबा विसरलीस, तो पाठव. मी बसवते.

नणंद


२१ मार्च

ताईंना,

डबा विसरलेला नाही. ही डिस्क पाठवायच्या आधी मी माझ्या मशीनची केबल स्वतः उपटली, वायफाय बंद केलं, आणि सगळं पहिल्यापासून चालवून पाहिलं. चाललं. दोनदा चाललं. माझ्या शेजारी बसणारा साक्षीला आहे. तुमच्याकडे चालत नसेल तर नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच म्हणता येईल.

माझे आईवडील भिंगरी झाली तेव्हा आठवडाभर आले होते. त्यानंतर आलेले नाहीत. आईचे गुडघे गेलेत, तिला आमचा जिना चढवत नाही. ‘एवढ्यात येऊ नको’ असं मी लिहिलं म्हणे. तुमच्या भावाला अशी वाक्यं सुचत नाहीत, ताई. ती कोणी सुचवली असतील ते मी ओळखते. लग्नाच्या आधी त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा तुम्हीच सुचवत होता.

लॉग पाहिला. डबा बाहेर शोधायला गेला हे खरं दिसतं. डिस्कवरून उतरवताना तुमच्या हातून एक फाईल सुटली असणार. पुन्हा उतरवा. सावकाश, घाई न करता. घाई इथे फक्त मलाच आहे.

भावजय


१ एप्रिल

भावजयबाईस,

पुन्हा उतरवलं. सावकाश. तुझ्या समाधानासाठी साहेबांना शेजारी खुर्ची देऊन बसवलं. डिस्कवर तो डबा नाही म्हणजे नाही.

आता शांतपणे ऐक. केबल उपटलीस, शाबास. पण मशीन कोणतं होतं? ज्यावर तू रोज काम करतेस तेच ना? मग तो डबा त्या मशीनने कधीतरी तुझ्या नकळत बाहेरून आणून पोटात ठेवलाय. तू केबल काढलीस, पोट रिकामं केलं नाहीस. जेवून उठलेल्या माणसाने ‘मला भूक लागतच नाही’ म्हणून मिरवू नये. एक कोरं मशीन घे. ज्याला तुझ्या प्रोग्रामचा वारासुद्धा लागला नसेल असं. त्यावर डिस्कवरचं सगळं उतरव, केबल न लावता. आणि मग मला अंगणाबद्दल शिकव.

हे मी तुला का सांगते, असा प्रश्न पडेल. गप्प बसले असते तर तू आणखी महिनाभर माझ्याशी वाद घालत बसली असतीस, मे संपला असता, आणि बारक्या इथेच राहिला असता. मनात आलं होतं. पण तसं माझ्याच्याने होत नाही, म्हणून लिहिलं.

आईवडिलांचं त्याला विचारलं. म्हणाला, “ताई, ती कबूल करेल होय?” मला पटलं. आपला तो बाब्या, असं म्हणशील. म्हण खुशाल. जिच्या हाताने तो वाढला तिला त्याचं खोटं कळत नाही, असं तुला वाटत असेल तर तू दुधखुळी आहेस.

नणंद


९ एप्रिल

ताईंना,

ऑफिसमधून कोरं मशीन मागून घेतलं. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, कुठे जपून ठेवायचं ते बघा.

दुसरी डिस्क पाठवली. राहिलेला डबा घातलाय. या खेपेला सर्व्हरच्या चिपचीही चौकशी केली. कंपनीने मला आता नवं मशीन दिलंय, त्याची चिप वेगळ्या जातीची आहे, आणि एका जातीसाठी बांधलेला डबा दुसऱ्या जातीवर चालत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर उत्तराबरोबर टोमणे आले असते, म्हणून त्याला विचारलं. त्याने कळवलं त्याप्रमाणे बांधलंय.

फाईलचा चेकसम, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, वेगळ्या पाकिटातून हाताने लिहून पाठवलाय. तुमच्याकडे काढलेला ठसा त्याच्याशी जुळला तर वाटेत कोणी हात लावला नाही. नाही जुळला तर लावला. हे मला कोणाबद्दल लिहावं लागतंय ते तुम्ही समजून घ्या.

सामान बांधायला सुरुवात केलीय. त्याचे कपडे कोणत्या खोक्यात घालावेत ते कळत नाही, म्हणून अजून कपाटातच ठेवलेत. रोज कपाट उघडते आणि तुमचा राग येतो.

भावजय


१८ एप्रिल

भावजयबाईस,

ठसा जुळला. अक्षर न् अक्षर, बोट ठेवून मोजलं. कोणी हात लावलेला नाही, माझ्याबद्दलचा तुझा संशय फुकट गेला.

आणि तरीही चालत नाही. या वेळी सगळे डबे आहेत, पण एकही उठत नाही. चालू केला की लगेच पडतो. तू नव्या जातीच्या चिपसाठी बांधलंस. आमचं मशीन जुन्या जातीचं आहे. त्याच्या दर्शनी दारावर ते लिहिलंय, आंधळ्यालाही दिसेल अशा अक्षरात. बारक्या रोज सकाळी त्याच दाराची जाळी पुसतो, धुळीने मशीन तापतं म्हणून. तो तुला चुकीचं कळवेल कसा? तू त्याला विचारलंच नाहीस. तुझ्या टेबलावर जे होतं त्यावर बांधलंस आणि आता त्याचं नाव पुढे करतेस. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी त्याला याबद्दल अजून काही बोलले नाही. त्याला हल्ली भूक लागत नाही, ताटात अर्धं टाकतो. तुझ्या त्या ‘मागून येऊ नये’ वाल्या धमकीने तो खचलाय. माणसाला असं तारखेवर टांगायचं नसतं.

नणंद


२५ एप्रिल

ताईंना,

त्याच्या पत्राचा तुकडा कापून सोबत जोडलाय. वाचा. ‘मशीन नवीनच आहे, तुझ्याकडे आहे तसलंच, काळजी करू नको.’ अक्षर त्याचं आहे की माझं, ते तुम्ही सांगा. तुम्हीच गिरवून घेतलंय ते.

रोज जाळी पुसणाऱ्या माणसाने हे लिहिलं. म्हणजे एक तर त्याने ते ताईच्या धाकाने लिहिलं, नाहीतर ताईच्या सांगण्यावरून लिहिलं. तिसरं मला सुचत नाही. सर्व्हरशी लबाडी करत नाही म्हणता, खरं असेल. तुम्हाला सर्व्हरला हात लावायची गरजच काय? भाऊ आहे ना हाताशी.

तिसरी डिस्क बांधलीय. जुन्या जातीची चिप, सगळे डबे, कोऱ्या मशीनवर तपासून. ही शंभर टक्के चालणार. पण ती तुमच्या नावाने पाठवत नाही. त्याच्या नावाने पाठवतेय. तो ती साहेबांसमोर तुमच्या हातात ठेवेल, म्हणजे मिळाली नाही असं म्हणायची सोय राहणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, ताई. माझा तुमच्यावर विश्वास नाही. त्याच्यावर आहे. तो दुबळा आहे, पण माझा आहे.

भावजय


६ मे

भावजयबाईस,

तुकडा पाहिला. अक्षर त्याचंच. त्याला दाखवला. म्हणाला, “घाईत लिहिलं ताई, लक्षात नाही राहिलं.” माणूस चुकतो. मी त्याला तसं लिहायला सांगितलं नव्हतं, हे तुला खरं वाटो न वाटो.

पण तुझी ती शंभर टक्के चालणारी डिस्क कुठाय? तुझं पत्र आलं, ट्रक गेला, परत आला. मी बारक्याला विचारलं. आली नाही म्हणाला. पुढच्या सोमवारी पुन्हा विचारलं. नाही. साहेब मला विचारतात, मी काय सांगू? बाकीचे तीन झडपवाले रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊन उभे राहतात, त्यांनाही घरं आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

तू ती पाठवलीच नाहीस. बारक्या म्हणतो, बदली तू स्वतः मागून घेतलीस. मग सगळं जुळतं. मे संपेपर्यंत टोलवाटोलवी करायची, मग पोरीला उचलून निघून जायचं, आणि जन्मभर सांगायचं की नणंदेने संसार मोडला. जायचंय तर सरळ जा. माझ्या भावाला आशेवर ठेवू नकोस.

नणंद


१३ मे

ताईंना,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसमधून उठले आणि थेट गोदामावर जाऊन ट्रकवाल्याला गाठलं. तो म्हणाला, “डिस्क ना? कधीच दिली बाई. तुमच्या मिस्टरांच्या हातात, फाटकावरच. त्यांनी मला पाणी पण विचारलं.” पहिल्याच सोमवारी दिली. तुम्ही मला लबाड म्हणत होता तेव्हा ती तुमच्या आवारात येऊन पडली होती.

त्याच्या हातून ती तुमच्याच हातात गेली असणार, दुसरीकडे जाणार कुठे? घोडं कुठे पेंड खातंय ते मला आता कळलंय. सर्व्हरवाली बाई, तुम्हाला एवढंच विचारते. उद्या भिंगरी मोठी झाली आणि तिने विचारलं की माझा बाप का आला नाही, तर मी तिला तुमचं नाव सांगणार आहे. चालेल ना?

बदली मी मागितलेली नाही. ती दोनदा थांबवण्यासाठी मी साहेबापुढे रडलेय. ऑफिसमध्ये, सगळ्यांसमोर. तुमच्या भावासाठी.

भावजय


२० मे

भावजयीस,

तुझं पत्र वाचून आधी मी ट्रकवाल्याला खोटं ठरवलं. मनातल्या मनात, पण ठरवलं. तुला ठरवलंच होतं. मग उठले आणि झडपघरात गेले.

दुपारची वेळ होती. बारक्या मोठ्या झडपेच्या चाकाला ग्रीस लावत होता. मी फडताळातले ग्रीसचे डबे एकेक करून खाली ठेवायला लागले. त्याने मला थांबवलं नाही. शेवटच्या ओळीमागे तुझं पाकीट होतं, न उघडलेलं.

म्हटलं, हे काय?

तो म्हणाला, “ताई, थोडे दिवस थांब. मे संपू दे. ती एकदा गेली की बसव. म्हणजे माझ्यावर काही येणार नाही.”

म्हटलं, तुला घरी जायचंच नाही?

“तिकडे गेलं की रोज उठून काहीतरी व्हावं लागतं. नवरा व्हा, बाप व्हा. इथे चाक फिरवलं की झालं.”

मग तिला तसं लिही की, मी म्हटलं. मला काय सांगत होतास, आणि तिला काय लिहीत होतास?

त्यावर तो काय म्हणाला ते तुला कळवलंच पाहिजे. “तिला वाईट वाटेल ना, ताई.”

तुझे आईवडील, तुझं ‘येऊ नको’, तुझी मागून घेतलेली बदली, सगळं त्याचं होतं. माझं ‘सोडत नाही’ पण त्याचंच. चिपचं त्याने जाणूनबुजून चुकीचं लिहिलं, तेही मी त्याला विचारून घेतलं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा दोन्हीकडे पोटभर जेवत होता, आणि आपण दोघी वाढत होतो आणि एकमेकींच्या झिंज्या ओढत होतो. त्याला भूक लागत नाही म्हणून मी काळजी करत होते. त्याला भूक लागत नव्हती, कारण तारीख जवळ येत होती आणि डिस्क मला सापडेल याची भीती होती.

पाकीट घेऊन सर्व्हर रूममध्ये आले, ठसा जुळवला, डबे उतरवले, चालू केले. पहिल्या फटक्यात उठले सगळे. काम चांगलं केलंयस. मोठी झडप पहिल्यांदा आपोआप फिरली तेव्हा तो तिथेच उभा होता, चाकावर हात ठेवून. हाताखालून चाक निघून गेलं.

चौघांच्याही सुटकेवर सही केली. सोमवारच्या ट्रकने त्याला पाठवता येईल. पण ओढून पाठवावा लागेल. हे तुझ्यापासून लपवून पाठवला असता तर मीही त्याच्यासारखीच झाले असते. पाठवू का?

त्याचं खोटं मला कळतं असं मी तुला लिहिलं होतं. नाही कळलं.

नणंद


२७ मे

ताईंना,

पाठवू नका.

तुमचं पत्र वाचल्यावर मी कपाट रिकामं केलं. त्याच्या कपड्यांचं खोकं याच ट्रकने येतंय.

दोन वर्षं मी तुमच्याशी भांडले. मनात, पत्रात, भाजी चिरताना, भिंगरीला झोपवताना. त्या भांडणाने मला फार बळ दिलं, हे तुम्हाला कळणार नाही. कोणीतरी त्याला तिथे अडवून धरलंय असं मानलं की माझा नवरा चांगला राहायचा. त्याला यायचंय, येऊ देत नाहीत, एवढंच. तुम्ही त्याच्या वाटेत उभ्या होतात म्हणून माझा संसार शाबूत होता. आता तुम्ही बाजूला झालात आणि वाटेवर कोणीच नाही. तो नुसता तिकडे उभा आहे.

तुम्ही खरोखर वैरीण असतात तर बरं झालं असतं, ताई. तुमच्यावर रागावून मी आणखी दहा वर्षं काढली असती.

आम्ही दोघी शनिवारी निघतोय. भिंगरीला खोक्यांचा खेळ वाटतोय, ती त्यात शिरून बसते. तिला मी तुमचं नाव सांगणार नाही. त्याचं काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

प्रोग्रामचं पुढे काही अडलं तर आमच्या ऑफिसातला दुसरा इंजिनीअर तुम्हाला लिहील. त्याला सगळं समजावून दिलंय. तुम्ही मला लिहायची गरज उरलेली नाही.

भावजय


१० जून

भिंगरीच्या आईस,

नवा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसने दिला. देत नव्हते. सर्व्हरचं काम आहे म्हटलं, आणि ते खरंच आहे, खाली वाच.

खोकं पोचलं. बारक्याने उघडलं, वरखाली केलं आणि म्हणाला, निळा स्वेटर राहिला वाटतं. एवढंच म्हणाला.

बाकीचे तिघे सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले. एकाची बायको गाडी घेऊन फाटकाशी येऊन बसली होती, सकाळपासून. हा मात्र गेला नाही. मला म्हणाला, “मी तुझ्याकडेच राहतो ना ताई. नातेवाईक म्हणून पास काढ.” त्या पासावर माझी सही लागते. हेच त्याने दोन वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर मी आवारभर साखर वाटली असती. मी पेन घेतलंसुद्धा. त्याने कागद पुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं, मला दिसत नाही अशा थाटात. मी पेनाला टोपण लावलं.

काल तो गेला. ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून. कुठे उतरणार विचारलं, तर म्हणाला बघू. तुझ्याकडे येईल असं मला वाटत नाही. आला तर दार तुझं आहे. माझ्याकडून शिफारस नाही.

मला त्याची आठवण येते. तुला हे वाचून बरं वाटलं तर वाटू दे. पातेलं अजून दोघांच्या मापाने भरतं आणि मग उरलेलं मी दुसऱ्या दिवशी खाते, चिडून.

तुझ्या इंजिनीअरचं पत्र आलं. फार गोड लिहितो. ‘आदरणीय मॅडम, कोणतीही अडचण असल्यास निःसंकोच कळवावे.’ लॉग पाठवला, तर न बघताच सगळं उत्तम आहे म्हणून कळवलं. उत्तम नाहीये. मोजमापांचा डबा अधूनमधून स्वतःच पडतो आणि स्वतःच उठतो. पाण्याला धोका नाही, पण का पडतो ते मला कळलं पाहिजे. त्या गोडबोल्याला ते कधी सापडणार नाही. तो माझ्याशी भांडत नाही.

लॉग सोबत जोडलाय. तू बघ. चूक माझी निघाली तर चार शब्द जास्त लावून लिही, मी वाचेन. भिंगरीबद्दल काही लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी मागत नाही. पण मशीनचं उत्तर त्या दुसऱ्याकडून पाठवू नकोस. शिव्या घालून लिही, पण तू लिही.

तुझी नणंद